प्रास्ताविका पाठ झाली, पुढं?

परिपाठात रोज प्रास्ताविका म्हणवली की संविधान कळतं, हे मत काही पटत नाही. चौथीच्या पोरांना गावातलंच विचारा: खांबावरचा दिवा बंद, एसटी येत नाही, मास्तर कमी, पोस्टात पाकिटं नाहीत, जायचं कोणाकडं? ग्रामपंचायत, एसटी आगार, जिल्हा परिषद, अन् शेवटचं केंद्राचं. पोरं सगळंच सरपंचावर ढकलतात (मोठेही तेच करतात म्हणा).

मग हजेरीपट मोजायला लावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ६० पोरांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३. शिक्षक कमी भरले तर अर्ज पोरांनीच दोन प्रतींत लिहायचा, दुसरीवर पोचेचा शिक्का घ्यायचा. मजकूर मास्तरांनी फळ्यावर लिहून दिला की मात्र तो शुद्धलेखनाचा तास होतो.