वस्तऱ्यासाठी चामड्याचा पट्टा घ्यायचाय, पहिलाच आहे. कुठला घेऊ?

चिपळूणचा_निखिल:

नमस्कार मंडळी. पुण्याच्या जुन्या बाजारात जर्मनीतल्या सोलिंगनचा एक जुना वस्तरा मिळाला. पातं ५/८ इंच रुंद आहे, कार्बन स्टीलचं. जाणकाराकडून सहाणेवर धार लावून आणलाय. आता दाढीआधी वस्तरा ज्यावर फिरवायचा तो पट्टा हवा. ऑनलाइन बघायला गेलो तर गाय, म्हैस, घोडा, कांगारू असं सगळं आहे. दोन इंची, तीन इंची, मागे कापड असलेले, फळीवर चिकटवलेले, असे प्रकार वेगळेच. चार हजारांच्या आत बसवायचंय. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तर चामड्याचा पट्टा टिकेल का?

धोकटी:

निखिल, मी साताऱ्याचा. वडिलांचं सलून होतं, वस्तरा धरायला त्यांच्याच हाताखाली शिकलो. नव्वदच्या दशकात एड्सची धास्ती पसरली आणि गिऱ्हाइकासमोर ब्लेड मोडून नवं अर्धं पातं लावायची पद्धत आली. ते योग्यच झालं. पण तेव्हापासून दुकानांतले पट्टे खुंटीवरून उतरले आणि कातडं पारखणारी माणसंही कमी झाली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुठल्या जनावराचं कातडं, हे सगळ्यात शेवटी बघा. आधी बघायचं ते सपाटी आणि जाडी. पट्ट्यावर वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकलेल्या असतात. मध्ये खळगा असेल तर धारेचा तेवढा भाग टेकतच नाही. उंचवटा असेल तर तिथे धार गोल होत जाते. महागडं घोड्याचं कातडं असलं तरी जाडी कमीजास्त असेल, तर ते माझ्या लेखी टाकाऊ.

पट्टा हातात घेऊन बघता येत असेल तर काचेवर किंवा गुळगुळीत ओट्यावर पालथा ठेवा आणि डोळा खाली आणून कडेने उजेड बघा. मग डोळे मिटून वरपासून खालपर्यंत बोटं फिरवा. बोटाला जे लागतं ते डोळ्याला दिसत नाही. आपल्याकडच्या कातड्यांवर गोचिडाच्या चाव्यांचे बारीक खड्डे फार असतात, काट्याकुट्यांचे ओरखडे असतात. कडेला असले तर चालून जाईल, मधल्या भागात नकोत. नंतर पट्टा किंचित वाकवा. वरच्या थराला सैल सुरकुत्या पडल्या तर ते पोटाकडचं कातडं समजा. ते ताणलं जातं आणि काही महिन्यांत मधोमध पन्हळीसारखं खोल होतं. पट्टा पाठीकडच्या किंवा पुठ्ठ्याच्या (जनावराच्या मागच्या भागाच्या) कातड्याचाच हवा.

कमावणी कापलेल्या कडेवर कळते. झाडाच्या सालीने कमावलेलं कातडं आतपर्यंत तपकिरी असतं, क्रोमने कमावलेल्याचा गाभा बहुतेक वेळा निळसर राखाडी दिसतो. पट्ट्याला सालीचं बरं. कोल्हापुरी चपलेचं कातडंही बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात, पण चपलेच्या तळाचा तुकडा पट्ट्याला नको, तो फार ताठ असतो.

रुंदीचं म्हणाल तर सगळे तीन इंची घ्या म्हणून सांगतील. पात्याची लांबीही साधारण तीन इंच, त्यामुळे अख्खी धार एका वेळी टेकते, सरळ ओढलं की झालं. नव्या सरळ वस्तऱ्याला ते ठीक. तुमचा वस्तरा जुना आहे. तो आधी काचेवर ठेवून टोकाशी हलकेच दाबून बघा. डुगडुगला तर पात्याला पीळ आहे, आणि पिळाच्या पात्याला अरुंद पट्टाच नीट लागतो. मग अडीच इंची घ्या आणि मुठीकडून टोकाकडे तिरकं नेत फिरवा. लांबी कड्यापासून मुठीपर्यंत मोकळी सोळा-अठरा इंच तरी असावी.

मागे कापड असलेलाच घ्या. लिनन किंवा जाड सुती कॅनव्हास. लोक कापडाला दुय्यम समजतात, मी नाही समजत. दाढीआधी कापडावर वीस-तीस फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस-पन्नास. पाठ पुढे, धार मागे, आणि उलटवताना पाठीवरच उलटवायचा. धार खाली ठेवून उलटवलात की पट्टा कापलाच.

मृणाल_जी:

आमच्या घरी चामडं वापरत नाही. नवऱ्याला वस्तऱ्याची हौस आहे. त्याच्यासाठी काही पर्याय आहे का?

धोकटी:

आहे, मृणालताई. नुसत्या लिननच्या किंवा घट्ट विणीच्या कॅनव्हासच्या पट्ट्यावर रोजचं काम भागतं. कापड धुऊन, इस्त्री करून, सुरकुती न ठेवता ताणलेलं हवं. महिन्यातून कधी धार बोथट वाटली, तर बाल्सा लाकडाच्या सपाट फळीवर हिरवा क्रोमियम ऑक्साइड हलकेच चोळून चार-सहा फेऱ्या द्यायच्या. चामड्याने येतो तो मऊपणा दाढीला थोडा कमी जाणवेल, पण दाढी स्वच्छ होते.

ऱ्हाईनकाठी:

मी ड्युसेलडॉर्फला राहतो, सोलिंगन इथून जवळच. माझ्याकडे हेरोल्ड कंपनीचा चौकटीवर ताणलेला पट्टा आहे. टोकाला स्क्रू असतो, तो फिरवून ताण हवा तसा ठेवता येतो. टांगलेला पट्टा नवख्याच्या हातात झोळ खातो, चौकटीवर ती भीती कमी. काम झालं की स्क्रू सैल करायचा, नाहीतर कातडं कायमचं ताणलं जातं.

एक मात्र मी वेगळं सांगेन. एकदाच खर्च करा आणि कॉर्डोव्हन घ्या. ते घोड्याच्या पुठ्ठ्याच्या कातड्याखालचा तंतूंचा दाट थर असतो, ते काही नेहमीचं वरचं कातडं नव्हे. शिकागोच्या हॉरवीनमध्ये, १९०५ पासूनची टॅनरी आहे ती, हे कातडं तयार व्हायला किमान सहा महिने घेतात. त्यावर वस्तरा जसा सरकतो तसा दुसऱ्या कशावर नाही.

धोकटी:

सरकतो हे खरं. कॉर्डोव्हनला नावं ठेवायचं काहीच कारण नाही. पण निखिलचा पहिला पट्टा आहे. मनगट बसेपर्यंत उलटवताना कधीतरी धार रुतते. साध्या गाईच्या किंवा म्हशीच्या पट्ट्यावर बारीक चीर पडली तर बारीक पॉलिश पेपरने तिची कड घासून पुढे वापरता येतो. तीच चीर कॉर्डोव्हनला पडली तर जीव हळहळतो. हात बसू दे, मग खुशाल घ्या.

शिवाय खूप सरकणारा म्हणजे खूप चांगला असंही नाही. पट्ट्याला थोडी ओढ हवी, वस्तरा चामड्याला धरतोय हे हाताला कळायला हवं. शिकताना मध्यम ओढीचा गाईचा पट्टा हाताला जास्त शिकवतो. म्हशीचं कातडं जाड आणि भरड पोताचं असतं, वरचा थर नीट घासून एकसारखा केलेला असेल तरच घ्या.

आणि तो हिरवा-लाल मसाला, म्हणजे क्रोमियम ऑक्साइडसारखी घासणारी पूड, रोजच्या पट्ट्यावर चुकूनही लावू नका. मसाला कापतो, पट्टा फक्त धार सरळ करतो, दोन्ही कामं वेगळी. बुटाचं पॉलिश किंवा शिलाई मशीनचं तेलही नको. कोरडा स्वच्छ तळहात वरखाली चोळा, हाताचं तेल पुरतं.

चिपळूणचा_निखिल:

काचेवर ठेवून बघितला. टोकाशी हलतोय, थोडासाच. म्हणजे अडीच इंची, मागे कॅनव्हास, गाईचं कातडं. पावसाळ्याचं राहिलं.

धोकटी:

हो, तेच घ्या. विकणाऱ्याकडून कापलेल्या कडेचा आणि तिरक्या उजेडातला फोटो मागवा, देत नसेल तर दुसरीकडे बघा.

पावसाळ्यात पट्टा न्हाणीघरात किंवा कपाटात ठेवू नका, वारा खेळेल अशा भिंतीवर टांगा. गुंडाळून तर कधीच ठेवू नका, घडीची रेघ जात नाही. पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या सुती फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, मग तळहात चोळा. उन्हात ठेवलात तर कडा वळतील. कोकणात खरी काळजी वस्तऱ्याची घ्या. कार्बन स्टीलला एका रात्रीत गंजाचे ठिपके येतात आणि धारेवर ठिपका आला की पट्टा काही करू शकत नाही, थेट सहाणच. दाढी झाली की पुसा, कापडावर दहाएक फेऱ्या द्या, पात्याला खनिज तेलाचं बोट लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी ते तेल पुसूनच पट्ट्यावर घ्या.