मदत हवी आहे: क्लॉक गेटिंग करूनही पॉवर कमी होत नाही!!

गोदाकाठचा_पोऱ्या: शनिवारी रिव्ह्यू आहे, लवकर सांगा. १६ बिटचा एएलयू (गणित-तर्क करणारं सर्किट), ८ रजिस्टर. क्लॉक आणि एनेबल अँड गेटमधून काढून गेटिंग केलं, म्हणजे काम नसताना क्लॉक बंद. आधी ०.०८२ वॅट, आता ०.०८१. गाइड सर म्हणाले होते निम्मी होईल. कोड बरोबर आहे, त्यावर बोलू नका.

सातपूरकर: एफपीजीए (हवं ते सर्किट बसवता येणारी तयार चिप) की एसिक (एकाच कामासाठी बनवून घेतलेली चिप)? टूल कुठलं?

गोदाकाठचा_पोऱ्या: विवाडो. एवढं पुरे ना?

जुनी_लेआउटवाली: व्होल्टेज खाली आण. डायनॅमिक पॉवर (सिग्नल बदलताना खर्च होणारी) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १.८ चे १.२ केले की त्याच फ्रिक्वेन्सीला ५६ टक्के वाचतात. आम्ही आधी तेच करायचो.

सातपूरकर: काका, विवाडो म्हणजे एफपीजीए. कोअरचा व्होल्टेज बोर्डावरच ठरलेला. पोरगं रेग्युलेटर उपटून काढेल का?

जुनी_लेआउटवाली: काका कोण? नाव वाच आधी.

निफाडचा_बागायतदार: द्राक्षबागेत ओलावा मोजायचा सेन्सर लावलाय, तीन आठवड्यांत बॅटरी बसते. त्यालाही हेच करायचं का?

सातपूरकर: दादा, त्याला स्लीप मोडमध्ये टाका आणि वेगळा धागा काढा. @पोऱ्या, ०.०८१ पैकी स्टॅटिक (काहीच बदलत नसतानाही जाणारी) किती?

गोदाकाठचा_पोऱ्या: ०.०७२. एफपीजीए आर्टिक्स-७ आहे. त्याने काय फरक पडतो?

सातपूरकर: अरे, मग सगळं तिथेच आहे! ते लीकेज, म्हणजे ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणारा करंट. २८ नॅनोमीटरची अख्खी चिप जागी, तुझा एएलयू तिच्या एका कोपऱ्यात. क्लॉक थांबवला म्हणून लीकेज थांबत नाही. तुझ्या हातात फक्त ०.००९. आणि तो अँड गेट आधी काढ. क्लॉक हाय असताना एनेबल हलला की ग्लिच (नको असलेला छोटा पल्स) पुढे जाते. एसिकमध्ये त्यासाठी लॅचवाला (क्लॉक हाय असेपर्यंत एनेबल धरून ठेवणारा) गेटिंग सेल असतो, इथे फ्लॉपचा (रजिस्टरमधल्या एक बिट साठवणाऱ्या घटकाचा) क्लॉक एनेबल वापर, नाहीतर बीयूएफजीसीई (एनेबल असलेला क्लॉक बफर). सिम्युलेशनची सैफ फाइल (कुठला सिग्नल किती बदलला याची नोंद) दिलीस का? नसेल तर विवाडो १२.५ टक्के टॉगल रेट (सिग्नल बदलण्याचं प्रमाण) धरून चालतं. तुझा एनेबल किती वेळ बंद होता हे त्याला कसं कळणार?

जुनी_लेआउटवाली: लॅचचं बरोबर. पण लीकेजला पॉवर गेटिंगच हवं, म्हणजे न लागणाऱ्या भागाचा वीजपुरवठाच तोडायचा. कमी गळणारे हाय व्हीटी सेल, बंद भाग वेगळा ठेवणारं आयसोलेशन, डेटा जपणारे रिटेन्शन फ्लॉप...

सातपूरकर: विकत घेतलेल्या एफपीजीएत? शनिवारपर्यंत?

गोदाकाठचा_पोऱ्या: सैफ दिली, क्लॉक एनेबल केला. डायनॅमिक ०.००५ आलं! पण एकूण ०.०७७च. सर एकूणच बघतात. काय सांगू?

सातपूरकर: डायनॅमिकचा वेगळा तक्ता दाखव. जुन्या डिझाइनलाही सैफ देऊन आकडा काढ, नाहीतर तुलना खोटी.

निफाडचा_बागायतदार: स्लीप मोडचं बटण कुठे असतं?