जैसलमेर सहल: पिण्याच्या पाण्याचं नक्की करूया

ए-१०३: नमस्कार मंडळी 🙏 आपल्या सोसायटीच्या डिसेंबरच्या सहलीची तिकिटं कन्फर्म झाली. सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर फार गर्दी असते म्हणून खुरी गावाच्या पुढे वाळूत तंबू टाकून दोन रात्री राहायचं ठरतंय. उंटवाले स्वयंपाक करून देणार, पण पाण्याची सोय आपली आपण करायची आहे. आपण चौदा जण, त्यात चार मुलं आणि ए-४०२ च्या आजी. किती आणि कुठून न्यायचं, जाणकारांनी सांगा.

डी-३०२: वहिनी, एवढं ओझं कशाला न्यायचं? गडावर मी टाक्यातलं पाणी गाळून, पाणी शुद्ध करायची गोळी टाकून पितो. फिल्टरची बाटलीही आहे. तिथल्या गावात विहीर असेलच की.

सी-१०५: खळखळून उकळलं की कुठलंही पाणी चालतं.

सी-६०१: जरा थांबा, हे नीट बोलूया. नोकरीत असताना पाण्याचे नमुने घ्यायला बाडमेर-जैसलमेरकडे फिरलोय, म्हणून कळकळीने लिहितोय. मेसेज मोठा आहे, पण वाचा.

गडावरचं टाकं काळ्या कातळात खोदलेलं असतं आणि त्यात येतं ते पावसाचं पाणी. त्यात जंतू असतील, शेवाळ असेल, पण क्षार फारसे नसतात. त्यामुळे जंतू मारले की काम झालं. थरच्या वाळवंटात गोष्ट वेगळी. जैसलमेरला वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरही धड होत नाही. जमिनीखालचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या तसंच पडून असतं आणि मीठ, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड असं बरंच काही त्यात विरघळलेलं असतं. दिसायला मात्र अगदी नितळ. उकळलं तर जंतू मरतील, पण क्षार कुठे जाणार? वाफ उडून जाते आणि भांड्यात उरतं ते आणखी खारट. गोळीने तरी मीठ कुठे जातंय? डी-३०२, तुझ्या फिल्टरची छिद्रं जंतू अडवतात, विरघळलेलं मीठ त्यातून आरपार जातं. त्याला आरओ लागतं, नाहीतर पाण्याची वाफ करून पुन्हा थंड करावी लागते. तंबूत यातलं काहीही जमणार नाही.

डी-३०२: काका, टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, आहे माझ्याकडे. तो आणू?

सी-६०१: जरूर आण. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं धरतात. दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर आकडा गेला तर ते पाणी तोंडाला लावायचं नाही. पण ५०० च्या आत आला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. मीटर विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो. जंतू त्याला कळत नाहीत आणि त्यात फ्लोराइड किती, तेही तो सांगत नाही. फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, फार तर दीड. त्या बाजूला शाळेतल्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे पाहिलेत मी, साठीच्या आत कंबरेतून वाकलेली माणसंही पाहिली. आपल्याला दोन दिवसांत तसं काही होणार नाही, तो वर्षानुवर्षं पिण्याचा परिणाम. पण तिथल्या लोकांना रोज तेच प्यावं लागतं, हे विसरू नका.

बी-२०४ (डॉक्टर): दोन दिवसांत त्रास देतं ते सल्फेट, त्यातही मॅग्नेशियम सोबत असेल तर. सवय नसलेल्याला त्या पाण्याने जुलाब लागतात, आणि वाळवंटात जुलाब म्हणजे पाणी दोन्हीकडून कमी. शिवाय डिसेंबरात तहान जाणवत नाही. हवा कोरडी, ओठ फुटतात, तरी लोक पाणी पीत नाहीत. रात्री थंडीत तंबूबाहेर जायला नको म्हणून बायका तर मुद्दाम कमी पितात. कृपा करून असं करू नका. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय असं समजा.

ओआरएसची पाकिटं मी आणते, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली. एक अख्खं पाकीट एक लिटरमध्ये, अर्धं पेल्यात कालवायचं नाही. टेट्रापॅकमधली गोड सरबतं म्हणजे ओआरएस नव्हे.

ए-४०२: डॉक्टर, आईंना रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू आहे. काय करू?

बी-२०४ (डॉक्टर): निघण्याआधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचाराच. गोळी मनाने बंद करू नका. तिथे त्यांना दर तासा-दीड तासाने थोडं थोडं पाणी कोणीतरी हातात द्यायचं, मागायची वाट बघायची नाही.

डी-१०१: आमच्या चिरंजीवांनी व्हिडिओ पाहिलाय. निवडुंग कापून पाणी मिळतं म्हणे, आणि वाळूत छोटी कलिंगडंही असतात.

सी-६०१: दोन्हीला हात लावू देऊ नका! त्या बाजूला थोर आणि रुई दिसतील. दोन्हींचा चीक विषारी, डोळ्यात गेला तर फार वाईट. आणि वाळूवर पसरलेल्या वेलाला हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची, चेंडूएवढी फळं दिसतील ती तुंब्याची. आपण त्याला कडू वृंदावन म्हणतो. जहाल रेचक आहे ते. तिथे मतीरा नावाचं खायचं कलिंगडही होतं, पण ते गावकऱ्याने हातात दिलं तरच खायचं.

ए-१०३: मग गावातल्या विहिरीचं काय काका?

सी-६०१: तिथे बेरी असतात. वाळूखाली काही ठिकाणी जिप्समचा थर असतो. पावसाचं मुरलेलं पाणी त्यावर अडतं, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. त्या थरापर्यंत अरुंद विहीर खणतात, तोंड लहान ठेवतात, आणि ओल झिरपून तळाशी साठेल तेवढंच पाणी निघतं. एका घराला त्यातून दिवसाला मोजक्या घागरी मिळतात. चौदा पाहुण्यांनी त्यात बादली सोडणं मला मुळीच पटत नाही. गावातल्या टाक्याचंही, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या जमिनीतल्या हौदाचंही, तसंच. भोवतीची उतरती मोकळी जागा, म्हणजे आगोर, तिथून पाणी आत जातं. त्यावर चपला घालून जायचं नाही, मुलांना आधीच सांगून ठेवा.

खरंच अडचण आली तर गावात जाऊन मागा. नाही म्हणणारी माणसं नाहीत ती. टाक्याचं पाणी पावसाचंच असतं, तिथे डी-३०२ ची पद्धत लागू पडते. सुती फडक्यातून गाळायचं, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे गोळी घालायची आणि अर्धा तास थांबायचं. नुसती तुरटी फिरवून भागणार नाही, तिने गाळ बसतो, जंतू राहतात.

सी-१०५: आणि जैसलमेरच्या हॉटेलातलं नळाचं?

सी-६०१: ते इंदिरा गांधी कालव्याचं. सतलज-बियासचं पाणी पंजाबातल्या हरिकेहून निघून शेकडो किलोमीटर उघड्या कालव्यातून येतं. क्षार कमी, पण जंतूंची खात्री नाही. उकळून घ्या, तिथे उकळणं उपयोगी आहे.

ए-१०३: म्हणजे वाळूत न्यायचं ते सगळं शहरातूनच. २० लिटरचे जार भरून घेऊ. हिशोब: पिण्याला माणशी ४ लिटर, चहा-स्वयंपाकाला २. दिवसाला ८४. दोन दिवस आणि वर एक दिवसाचा राखीव साठा धरून २५२ लिटर, म्हणजे १३ जार.

बी-२०४ (डॉक्टर): उंटवाले तिघे आहेत. त्यांचं पाणी धरलं का?

ए-१०३: नाही धरलं. सतरा जणांचे दिवसाला १०२, तीन दिवसांचे ३०६. सोळा जार.

सी-६०१: म्हणजे पाण्याचंच वजन ३२० किलो. दोन्ही जीपमध्ये आठ-आठ ठेवा, एक गाडी अडकली तरी पाणी राहील. सील, एफएसएसएआय क्रमांक, आयएस १४५४३ (पॅकबंद पाण्याचं मानक) आणि पॅकिंगची तारीख घेतानाच बघा. नळाने भरून वर झाकण दाबलेला जार नको. उन्हात ठेवू नका, वर ओलं गोणपाट टाका. डाळीला आणि चहालाही हेच पाणी. तिथल्या खाऱ्या पाण्यात डाळ नीट शिजत नाही. भांडी वाळूने घासतात, पण खळबळायला टँकरचं चालेल. दात मात्र जारच्या पाण्यानेच.

सी-१०५: जारचं बघायला हॉटेलवाल्याला मी उद्या फोन करते. वहिनी, त्याचा नंबर मला पर्सनलवर टाका. सोळा जारचं डिपॉझिट किती ते विचारून इथे कळवते.