रँटनेनला घालवून कोलोरॅडो जिंकलं? काहीही हं!

डेन्व्हरकर: आपल्या ॲव्हलांचबद्दल (आइस हॉकीतला कोलोरॅडोचा संघ) काल इथे एकाने लिहिलंय, "नेचासने ८ वर्षांची सही केली, म्हणजे रँटनेनच्या ट्रेडमध्ये ॲव्हलांचच जिंकली." डोकंच फिरलं. जानेवारी २०२५ मध्ये खेळाडूंच्या अदलाबदलीत मिको रँटनेनला कॅरोलायनाच्या संघात धाडला आणि नेचासला आणला, तो का? तर म्हणे पैसे फार मागतो. मग नेचासला किती दिले? वर्षाला १ कोटी १५ लाख डॉलर! पुढे कॅरोलायनाने मिको डॅलसला दिला, आणि डॅलस त्याला देतंय १ कोटी २० लाख. वाचले किती, तर ५ लाख. त्यापायी ३ मे २०२५ ला प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) डॅलसविरुद्धच्या सातव्या, निर्णायक सामन्यात काय झालं? तिसऱ्या पिरियडमध्ये आपण २-० पुढे, आणि २०२२ चा स्टॅनली कप जिंकून देणाऱ्या आपल्याच मिकोने हॅटट्रिक ठोकून आपल्याला घरी बसवलं.

फ्रिस्कोचा_कुलकर्णी: अजून जळतंय वाटतं 😄 तेही आमचे डॅलसचे रॉबर्टसन, हेइस्कानेन दोघं दुखापतीने बाहेर असताना. आणि टेक्सासात राज्याचा इन्कम टॅक्स नाही, हे विसरू नका. हातात पडतात ते पैसे मोजा.

रालेकर: आमचं, कॅरोलायनावाल्यांचं, कुणी विचारणार का? मिकोचे आमच्याकडे १३ सामने, २ गोल, आणि नव्या करारावर सही करायला नकार. त्याच्या बदल्यात डॅलसकडून स्टॅन्कोवेन हा पोरगा आणि पहिल्या फेरीचे दोन पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) मिळवले. पोराने प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात दोन गोल मारले. शहाणे आम्हीच.

डेन्व्हरकर: आणि त्यासाठी नेचास घालवलात, ते कोण मोजणार? बाकी कुलकर्णी, टॅक्सचं कौतुक पुरे. माझा मेहुणा टेक्सासातल्या प्लानोत राहतो. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं की घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नाही.

फ्रिस्कोचा_कुलकर्णी: पाच बेडरूमचा वाडा घ्यायला त्यांना कोणी सांगितलं होतं? आम्ही बारा वर्षं राहतोय, मेलो नाही.

सीपीए_ताई: दोघंही थांबा. जिथे राज्याचा इन्कम टॅक्स आहे, तिथे खेळाडूंना बाहेरगावच्या सामन्यांचा टॅक्स त्या त्या राज्यात भरावा लागतो, आणि निम्मे सामने बाहेरच असतात. 'टेक्सासात टॅक्स नाही' हे वाक्य ऐकून माझ्याकडे दर एप्रिलला कोणीतरी रडत येतं.

फ्रिस्कोचा_कुलकर्णी: ताई, निम्मा तर निम्मा, वाचतो ना? की तेही पाप?

खडकीवाला: धनराज पिल्लैच्या खडकीतला माणूस मी. हॉकी दिसलं म्हणून धागा उघडला. इथे बर्फ, आणि त्यावर घरपट्टी! चालू द्या.

डेन्व्हरकर: काका, तुम्ही नंतर बोला. कुलकर्णी, वैयक्तिक जाऊ नका, मेहुण्याचा वाडा नाही, चारच बेडरूम आहेत. आणि त्याच प्लेऑफमध्ये पुढे एडमंटनविरुद्ध पाच सामन्यांत तुमच्या हिऱ्याचे गोल किती? शून्य!

रालेकर: नेचास मिकोपेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, एवढं तरी धरा. करार संपेल तेव्हा मिको ३६ चा असेल.

डेन्व्हरकर: घ्या, आता कॅरोलायनावाले आमची वकिली करणार! बरं बाबा, ट्रेड डॅलसने जिंकला. ट्रेडचा कप कुठे मिळतो तेवढं सांगा.

फ्रिस्कोचा_कुलकर्णी: मान्य केलंत, पोचलं. मेहुण्यांनी होमस्टेड एक्झेम्प्शनचा (राहत्या घरावरच्या प्रॉपर्टी टॅक्समधल्या सवलतीचा) अर्ज केलाय का विचारा. आणि घराची किंमत जास्त लावली असेल तर १५ मेच्या आत हरकत घ्या म्हणावं.