जुन्या मॅन्युअल लेन्स छोट्या सेन्सरवर: ४० मिमीच्या खाली पैसे घालू नका (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

बेचाळीस आटे

मिररलेस बॉडी, म्हणजे आतला आरसा काढून टाकलेला कॅमेरा, हातात आली की जुन्या लेन्सची ओढ लागतेच. पण खरेदी बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून सुरू होते. स्वस्तात मिळाली म्हणून एखादी २८ मिमी घेतली जाते आणि तिच्याखाली दिसेल तो अडॅप्टर लावला जातो. माझं म्हणणं थेट मांडतो, पटलं नाही तर जरूर खोडून काढा. मायक्रो फोर थर्ड्स आणि एपीएस-सी या फुलफ्रेमपेक्षा (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा) छोट्या सेन्सरवर जुनी मॅन्युअल लेन्स घ्यायची तर ४० ते १३५ मिमीमधलीच घ्यावी.

अडॅप्टर मुळात का चालतो, ते आधी बघू. आरसा गेला आणि माउंटपासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) सेन्सरपर्यंतचं अंतर कमी झालं. मायक्रो फोर थर्ड्सचं ते अंतर १९.२५ मिमी आहे, सोनी ई-माउंटचं १८, फुजी एक्सचं १७.७. जुन्या एसएलआर (आरशाच्या कॅमेऱ्यांच्या) लेन्सना यापेक्षा बरंच जास्त लागतं: एम४२ ला (४२ मिमी आट्यांच्या माउंटला) ४५.४६, मिनोल्टा एमडीला ४३.५, ऑलिंपस ओएमला ४६, कॅनन एफडीला ४२. मधला फरक भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे अडॅप्टर. एम४२ साठी मायक्रो फोर थर्ड्सवर ही नळी २६.२१ मिमीची हवी. तिच्यात काच नसते.

आता ४० ची अट का, ते सांगतो. मायक्रो फोर थर्ड्सवर २८ मिमी लेन्स फुलफ्रेमच्या ५६ मिमीएवढंच दृश्य टिपते. म्हणजे वाइड म्हणून घेतलेली लेन्स नॉर्मल होऊन बसते, आणि ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) मात्र एफ/२.८ च राहतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. २० मेगापिक्सेलच्या मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ३.३ मायक्रॉनचा असतो. तीच घनता फुलफ्रेमवर पसरली तर ७७ मेगापिक्सेल होतील. फिल्मच्या काळातल्या साध्या २८ मिमीकडून उघड्या ॲपर्चरला एवढा तपशील निघत नाही. चांगल्या ५०, ८५ किंवा १३५ मिमीचा मधला भाग एफ/४ ला हे ओझं पेलतो, आणि छोटा सेन्सर नेमका तेवढाच भाग वापरतो.

थेट माउंट

मग ४० च्या वरचं तरी का घ्यायचं? ऑलिंपसची ४५ मिमी एफ/१.८ २०११ पासून बाजारात आहे. वजन ११६ ग्रॅम, सेकंडहँड सहज मिळते, उघड्या ॲपर्चरला धारदार आहे आणि फोकस डोळ्यावर आपोआप बसतो. जुनी ५० मिमी आणि धातूचा अडॅप्टर मिळून वजन त्याच्या दुपटीच्या आसपास जातं.

पोर्ट्रेटचंच घ्या. माणूस दीड मीटरवर, लेन्स ५० मिमी, ॲपर्चर एफ/१.४. मायक्रो फोर थर्ड्सवर फोकसची खोली जेमतेम ४ सेंमी मिळते. बसलेला माणूस नुसता श्वास घेतानाही एवढा हलतो, त्यात फोटो काढणारा स्वतः पुढेमागे डुलतो. फोकस पीकिंगवर (धारदार कडा पडद्यावर रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर) भिस्त ठेवणाऱ्यांना मोठ्या पडद्यावर फोटो पाहिल्यावर कळतं की पापणीऐवजी कानाची पाळी धारदार आलीय. अंगणात पळणाऱ्या पोरांचे फोटो हवे असतील तर विषयच संपला.

आणि हेलिओस ४४-२ या जुन्या सोव्हिएत लेन्सच्या गरगरीत पार्श्वभूमीसाठी ती लेन्स घेणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ती गरगर लेन्सच्या प्रकाशवर्तुळाच्या कडेला होते. कडेच्या प्रकाशबिंदूंना लेन्सची नळी दोन्ही बाजूंनी कापते आणि ते मांजराच्या डोळ्यासारखे लांबट होतात. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर १७.३ × १३ मिमीचा आहे, ती कड त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ज्या गुणासाठी लेन्स घेतली तोच फ्रेमबाहेर राहिला.

बेचाळीस आटे

हेलिओसबद्दल पूर्ण सहमत. एपीएस-सीवर गरगर थोडी दिसते, मायक्रो फोर थर्ड्सवर नावापुरती.

फोकसबद्दल नाही. पीकिंगवर विसंबणं हीच चूक आहे. उघड्या ॲपर्चरला जुन्या लेन्सच्या प्रतिमेवर एक मऊ झाक असते, पीकिंग त्या झाकेला फसतं आणि बरीच मोठी पट्टी रंगवून टाकतं. पीकिंगची संवेदनशीलता सर्वांत कमी ठेवा, जवळपास फोकस आणायला तेवढीच वापरा. मग एका बटणावर मॅग्निफिकेशन नेमा, डोळ्यावर ५ किंवा १० पट मोठं करा आणि रिंग फिरवत धार ओलांडून परत मागे या. मुख्य म्हणजे ज्या ॲपर्चरला फोटो काढायचा त्याच ॲपर्चरला फोकस करा. बऱ्याच फास्ट ५० मिमी लेन्सचा फोकस ॲपर्चर बंद करताना सरकतो. एसएलआरवर हा फरक व्ह्यूफाइंडरमध्ये दिसायचा नाही, मिररलेसवर डोळ्यांसमोर दिसतो.

मेनूतल्या दोन गोष्टी विसरल्या तर पुढचं काहीच जमणार नाही. लेन्सशिवाय शटर चालू देणारा पर्याय सुरू करा, नाहीतर बऱ्याच बॉडी फोटोच काढत नाहीत. आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन (सेन्सर हलवून हाताची थरथर भरून काढणारी सोय) असेल तर तिला लेन्सची खरी फोकल लेंथ सांगा. ५० मिमीला ५० च भरायचं, १०० नाही. १०० भरलं तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि फोटो उलट जास्त पुसट येतो.

पितळी पत्रा

तुम्ही दोघंही लेन्सवर भांडताय. अडॅप्टर नीट नसेल तर सगळी चर्चा व्यर्थ आहे, आणि वरचा ‘त्यात काच नसते’ हा दिलासा अर्धाच खरा आहे.

अडॅप्टर फक्त ०.१ मिमीने लांब निघाला तर काय होतं, ते मोजून बघा. फोकल लेंथच्या वर्गाला त्या चुकीने भागायचं. ५० मिमी लेन्स २५ मीटरच्या पलीकडे फोकस होत नाही. १३५ मिमी साधारण १८० मीटरपर्यंत जाते, म्हणून तिच्यावर दोष लक्षातच येत नाही. २८ मिमी मात्र ८ मीटरवर अडकते. ‘जुनी २८ मिमी भिकार, डोंगर पुसट येतात’ असं म्हणून लेन्स विकण्याआधी अडॅप्टर मोजा.

हे टाळायला स्वस्त अडॅप्टर बहुधा मुद्दाम थोडे आखूड करतात. त्यामुळे इन्फिनिटी (अगदी दूरचा फोकस) मिळते, पण रिंगवरच्या खुणेच्या अलीकडेच मिळते आणि अंतराचे आकडे निरुपयोगी होतात. आखूड अडॅप्टर सुधारणं सोपं आहे. मागच्या माउंटचे चार स्क्रू काढा, बसक्याखाली ०.०५ मिमीच्या पितळी पत्र्याची गोल कापलेली शिम (पातळ चकती) ठेवा, स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा. मग किमान अर्ध्या किलोमीटरवरच्या टॉवरच्या कडेवर १० पट मोठं करून तपासा. खुणेवर धार आली की थांबा. स्क्रू जपानी क्रॉसचे असतील तर जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचाच स्क्रूड्रायव्हर वापरा. साधा फिलिप्स घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. लांब अडॅप्टर घासायच्या भानगडीत पडू नका. पॉलिश पेपरवर हाताने घासताना एक बाजू जास्त खाल्ली जाते आणि लेन्स तिरकी बसते. तो परतच करा.

तिरकेपणा ओळखायला सपाट भिंतीच्या चार कोपऱ्यांत वर्तमानपत्राची पानं लावा, कॅमेरा भिंतीला समांतर ठेवा आणि एफ/४ ला फोटो काढा. डावीकडे अक्षरं वाचता येतात आणि उजवीकडे नाही, असं झालं तर एम४२ अडॅप्टरच्या कडेचे तीन ग्रब (बिनडोक्याचे) स्क्रू सैल करून आतली रिंग लेन्ससकट १८० अंश फिरवा, पुन्हा फोटो काढा. पुसट बाजू लेन्सबरोबर फिरली तर दोष लेन्सचा. तिथंच राहिली तर अडॅप्टरच्या मागच्या बसक्याचा किंवा बॉडीचा.

आणि आतला रंग! फुलफ्रेम लेन्स ४३.३ मिमी व्यासाचं प्रकाशवर्तुळ टाकते. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर त्यातला १५ टक्के भाग वापरतो. उरलेला बराचसा प्रकाश अडॅप्टरच्या भिंतीवर आदळतो. भिंत चकचकीत असेल तर तो सेन्सरवर परततो आणि सावल्या राखाडी होतात. लोक त्याला ‘व्हिंटेज लुक’ म्हणतात. आत काळा मखमली चिकटकागद लावा आणि ५० मिमीला १०० मिमीचं हुड चढवा, मग पुन्हा पाहा. ‘लो कॉन्ट्रास्ट’ म्हणून हिणवलेल्या कित्येक लेन्स एवढ्यानं सुधारतात.

अर्धी फ्रेम

४० च्या खाली काहीच नाही, हे मान्य नाही. ऑलिंपसचा पेन एफ हा १९६३ चा हाफ-फ्रेम एसएलआर. त्याच्या लेन्स १८ × २४ मिमीच्या फ्रेमसाठीच बनवलेल्या आहेत, माउंटचं अंतर २८.९५ मिमी. त्यामुळे मायक्रो फोर थर्ड्सवर अडॅप्टर १० मिमीहूनही आखूड लागतो, लेन्स छोट्या आणि वाया जाणारा प्रकाश कमी. ३८ मिमी एफ/१.८ तर आहेच, पण २० मिमी एफ/३.५ आणि २५ मिमी एफ/४ सुद्धा आहेत.

दुसरा मार्ग फोकल रिड्यूसरचा, म्हणजे प्रतिमा आक्रसून सेन्सरवर टाकणाऱ्या भिंगांच्या अडॅप्टरचा. ०.७१ पटीचा रिड्यूसर ५० मिमी एफ/१.४ ला ३५.५ मिमी एफ/१.० करतो. एपीएस-सीवर दृश्य जवळपास फुलफ्रेमएवढं परत येतं, मायक्रो फोर थर्ड्सवर क्रॉप (फुलफ्रेमच्या मानानं दृश्य अरुंद होण्याची पट) २ ऐवजी १.४२ उरतो. हेलिओसची गरगरही बऱ्यापैकी परत येते.

थेट माउंट

रिड्यूसरमध्ये काच असते. म्हणजे अजून चार-पाच भिंगं, आणि स्वस्त रिड्यूसरमध्ये कोपरे उघड्या ॲपर्चरला विस्कटतात. त्याच्या किमतीत छोट्या सेन्सरसाठीच बनवलेली नवी मॅन्युअल लेन्स येते. ४५ मिमीवरचं माझं मत तसंच आहे.

पितळी पत्रा

रिड्यूसर घेणारच असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मागचं भिंग किंवा ॲपर्चरची कळ मागे जास्त डोकावणारी लेन्स त्याच्या पहिल्या काचेवर घासू शकते. आधी रिंग सर्वांत जवळच्या अंतरावर ठेवून बसवा, मग हळूहळू इन्फिनिटीकडे न्या. अडकल्यासारखं वाटलं की तिथंच थांबा. आणि पुष्कळ रिड्यूसरमध्ये इन्फिनिटी आतल्या भिंगांचा गट आट्यांवर फिरवून जुळवायची असते. कडेचा लॉक स्क्रू सैल करून एका वेळी पाव फेऱ्याहूनही कमी फिरवा. स्टॅबिलायझेशनमध्ये इथं गुणलेला आकडा भरायचा, ५० साठी ३५ किंवा ३६.

कोकणपट्टी

खरेदीआधी काय तपासायचं ते कुणी लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात चार महिने हवेत पाणी असतं आणि जुन्या लेन्सना बुरशी धरते. ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि समोरून सरळ न पाहता तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखं धुकं म्हणजे वंगणाची वाफ बसलेली. कडेला इंद्रधनुषी डाग म्हणजे दोन भिंगं जोडणारा बाल्सम सुटलेला, तो घरी दुरुस्त होत नाही. बुरशी पुसली तरी तिनं कोटिंग खाल्लं असेल तर ठसा राहतोच.

पिवळी पडलेली पेंटॅक्सची टाकुमार ५० मिमी एफ/१.४ मात्र लगेच नाकारू नका. तिच्या काचेत थोरियम आहे, त्यानं काच कालांतरानं पिवळी होते. अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो.

ठेवायला हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरतो. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. चामड्याच्या मूळ पाऊचात पावसाळा काढू नका, चामडं ओल धरून ठेवतं.

बेचाळीस आटे

पेन एफचा मुद्दा बिनतोड. शीर्षकातले ४० फुलफ्रेम एसएलआरच्या लेन्सपुरते वाचावेत.

थेट माउंट, पोर्ट्रेटसाठी तुमचं ४५ मिमीचं गणित मान्य करतो. पण मॅक्रोचं, म्हणजे छोट्या वस्तूंच्या अगदी जवळून काढलेल्या फोटोंचं काय? निकॉनची मायक्रो-निक्कोर ५५ मिमी एफ/२.८ वस्तूची प्रतिमा सेन्सरवर तिच्या अर्ध्या आकारापर्यंत नेते. मायक्रो फोर थर्ड्सवर म्हणजे समोरची ३४.६ × २६ मिमीची जागा पूर्ण फ्रेम भरते. दहा रुपयांचं २७ मिमीचं नाणं उंचीत मावत नाही, वरखाली किंचित कापलं जातं. मॅक्रोत फोकस तसाही हातानं, कॅमेरा पुढेमागे सरकवूनच लावतात. तिथं ऑटोफोकस नसण्याचा तोटा कुठला? फक्त ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आलेली घेऊ नका, या लेन्सचं ते जुनं दुखणं आहे. मागची कळ बोटानं दाबून सोडा. पाती झटक्यात हलायला हवीत, रेंगाळली तर परत ठेवा.

थेट माउंट

मॅक्रोसाठी मान्य, ट्रायपॉडवर. हातात धरून फुलपाखरामागे जायचं असेल तर नाही.

अर्धी फ्रेम

एम४२ घेणाऱ्यांसाठी सापळे राहिले. टी-माउंट या वेगळ्या माउंटचे आटेही ४२ मिमीचेच, पण त्यांची चाल (दोन आट्यांमधलं अंतर) ०.७५ मिमी, एम४२ ची १ मिमी. एखाद-दुसरा फेरा बसतो आणि मग अडतो. तिथं जोर लावला तर अडॅप्टर आणि लेन्स दोन्हीचे आटे जातात. ३९ मिमीचं दुखणं उलटं आहे. लायका स्क्रू आणि जुन्या सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्याचे आटे जुळतात, पण अंतर एकाचं २८.८ आणि दुसऱ्याचं ४५.२ मिमी. झेनिटची लेन्स लायकाच्या अडॅप्टरवर छान घट्ट बसते आणि कशावरच फोकस होत नाही. कॅनन एफडीच्या अडॅप्टरवर ‘लॉक’ आणि ‘ओपन’ लिहिलेली रिंग असते. ती ‘ओपन’वर राहिली तर ॲपर्चर रिंग कितीही फिरवा, पाती उघडीच राहतात.