गाडी खरंच किती देते? आपापल्या टाकीचा हिशोब लिहा

लातूर
सुरुवात मीच करतो. चार मीटरच्या आतली एसयूव्ही, 1.2 लिटर टर्बो पेट्रोल. घेताना कागदावर 18 च्या आसपास होतं. मागच्या टाकीला 386 किलोमीटर, 32.4 लिटर. म्हणजे पुरते 12 सुद्धा नाही. स्क्रीन मात्र 13.2 दाखवत होती, म्हणून विनंती की इथं स्क्रीनचा आकडा नको. ऑटो कट होईपर्यंत फुल्ल, पुन्हा तसंच फुल्ल, मग भागाकार.
कारण मला ठाऊक आहे. पोराची ट्यूशन अडीच किलोमीटरवर, दिवसाला चार फेऱ्या. इंजिन नीट तापायच्या आत फेरी संपते आणि एसी गार होईस्तोवर ट्यूशन एरिया येतो. कागदावरचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर काढतात, तोही एसी बंद ठेवून. आमच्याकडं एप्रिलात एसी बंद ठेवून दाखवा! हीच गाडी पाच माणसं घेऊन तुळजापूरला गेली तर साडेसोळा देते.

परभणी
माझी 1.5 डिझेल. रोज जिंतूर रोडनं 34 किलोमीटर शाळेला जायलो, 19 च्या खाली कधी आली नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत गाडी गावातल्या गावात फिरली अन् डीपीएफचा दिवा लागला. सायलेन्सरच्या वाटेवरच्या जाळीत काजळी साचते, ती जाळायला गाडी सलग पळवावी लागते. नांदेडला एका दमात जाऊन आलो, दिवा गेला. काजळी जाळायला डिझेल जास्तीचं लागतं, त्या टाकीला 15 च पडले. ज्याचं रोजचं चालणं पाच-सात किलोमीटर हाय त्यानं अ‍ॅव्हरेजच्या नादात डिझेल घेऊ नये. माझ्या साडूनं घेतली. आता रविवारी उगंच हायवेला चक्कर मारून आणतो.

छत्रपती संभाजीनगर
समृद्धीवर मर्यादा 120 ची, म्हणून नागपूरला जाताना 120 वरच क्रूझ लावून बसलो. 12.8. येताना ऊन होतं, टायरची भीती वाटली, 90 धरली. 17.3. गाडी तीच, माणसं तीच, रस्ता तोच. सव्वा तास जास्त लागला, त्यात घरच्यांची बोलणी वेगळी. पण एवढी उंच गाडी 120 नं वारा कापते तेव्हा तेल जातं कुठं ते कळलं.

बीड
आधी हवा बघा. माझ्या चारही चाकांत 26 होती, पाहिजे 33. दीड किलोमीटरचा फरक पडला.

नांदेड
पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आल्यापासून माझी 15 वरून 11 वर आली. अजून कुणाला?

जालना
नांदेडकर, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तरी 20 टक्क्यांत सहा-सात टक्के फटका. 15 चे 14 होतील, 11 नाही. एअर फिल्टर कधी बदललाय? आपल्या धुळीत तो लवकर भरतो.

नांदेड
बदलला नाही. उघडून बघतो.

धाराशिव
आमचे अण्णा पंपावर कायम "हजाराचं टाक" म्हणतात. तीन वर्षांत टाकी एकदाही फुल्ल झालेली नाही, त्यामुळं अ‍ॅव्हरेज कुणालाच माहीत नाही. ह्या पगाराला चोरून भरतो आन् सांगतो.