कोपऱ्यावरून पलीकडं जायला कुणाची परवानगी लागते?

डोंगरवाट (धागा सुरू करणारा)

मी डेन्व्हरजवळ राहतो, मूळ गाव सातारा जिल्ह्यात. गेली अकरा वर्षं दर ऑक्टोबरात एल्कच्या शिकारीला जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं जनावर, पण अंगानं कितीतरी थोराड. मोठा नर तीनशे किलोच्या वर भरतो. माझ्या नावावर इथं वीतभरही रान नाही. परवाना काढतो आणि सरकारी जमिनीवर जातो. अशी जमीन इथं कोट्यवधी एकर आहे आणि ती सगळ्यांची आहे, असं कागदावर तरी लिहिलेलं आहे.

शेजारच्या वायोमिंग राज्यात कार्बन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) एल्क माउंटन नावाचा डोंगर आहे. रेल्वे टाकायची म्हणून सरकारनं 1862 च्या कायद्यानं रुळांच्या दोन्ही अंगांची जमीन कंपनीला दिली, पण सलग दिली नाही. मैलभर लांब, मैलभर रुंद असा 640 एकरांचा एक चौकोन कंपनीला, शेजारचा सरकारकडं, त्यापुढचा पुन्हा कंपनीला. बुद्धिबळाचा पटच. कंपनीचे चौकोन पुढं विकले गेले आणि रँचवाल्यांकडं, म्हणजे गुरांची मोठी रानं असलेल्या धन्यांकडं, आले. सरकारी चौकोन सरकारकडंच राहिले, पण त्यांना वाट नाही. ते एकमेकांना फक्त कोपऱ्यावर टेकतात. पटावरचा उंट जातो तसं तिरकं गेलात तरच एका सरकारी घरातून दुसऱ्यात पाऊल पडतं.

मिसुरीहून आलेल्या शिकाऱ्यांनी 2020 साली तेच केलं. कोपऱ्यावर दोन खांब रोवून मध्ये साखळी आणि ‘प्रवेश बंद’च्या पाट्या होत्या. ते खांबाला धरून पलीकडं गेले. पुढच्या वर्षी चौघं जण घडीची लोखंडी शिडीच घेऊन आले. इकडून चढले, तिकडं उतरले, खाजगी मातीला बूटही लागला नाही. मालकानं फिर्याद केली. एप्रिल 2022 मध्ये ज्यूरीनं चौघांना निर्दोष सोडलं. मालकानं दिवाणी दावाही लावला होता. जमिनीची किंमत घटली म्हणून त्याची बाजू सत्तर लाख डॉलरहून जास्त नुकसान सांगत होती. मे 2023 मध्ये तो निकाल शिकाऱ्यांच्या बाजूनं लागला, मार्च 2025 मध्ये दहाव्या सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टानं तो कायम केला आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

मला हा निकाल शंभर टक्के योग्य वाटतो. पाय ठेवता येत नाही ती जमीन सार्वजनिक कसली?

पण माझं म्हणणं तेवढ्यावर संपत नाही. वाट मोकळी झाली म्हणजे जो तो निघणार, आणि ज्याला आपलं हत्यार सांभाळता येत नाही त्यानं घरीच बसावं या मताचा मी आहे. बंदुकीचा नेम मोसमाआधी शंभर यार्डांवर तपासायचा, आणि वाटेत ती पडली-आपटली तर पुन्हा तपासायचा. थंडीत बोल्टमध्ये (गोळी आत ढकलणारा सरकता दांडा) जाड तेल ठेवायचं नाही, ते घट्ट होतं आणि ऐन वेळी नुसता खट् आवाज येतो. बाहेरच्या गारठ्यातून बंदूक एकदम उबदार खोलीत आणली की तिच्यावर दव धरतं आणि सकाळपर्यंत गंजाचा तांबूस पदर येतो. म्हणून ती पिशवीत बंदच ठेवून हळूहळू कोमट होऊ द्यायची, मग पुसायची. नळी मागच्या बाजूनं साफ करायची, तोंडाशी काठी घासली की नेम बिघडतो. बुटांचे तळवे ब्रशनं घासायचे, कारण चीटग्राससारख्या उपऱ्या गवताचं बी त्यातूनच एका रानातून दुसऱ्यात जातं. सुरीकडंही तितकंच लक्ष हवं. 1967 साली कॉलोराडोतच हरणांमध्ये एक झिजवणारा मेंदूरोग पहिल्यांदा दिसला, तो आता बऱ्याच राज्यांत पसरलाय. त्याचं बीज पाणी उकळून मरत नाही. एका जनावराची सुरी न धुता दुसऱ्याला लावणं हा निष्काळजीपणाच आहे.

तुम्हाला काय वाटतं?

बांधकरी

धागा चांगला लिहिलाय, पण मी तुमच्या विरुद्ध आहे.

माझं रान एका गडाच्या पायथ्याला आहे. गड सरकारचा, रान माझं. पावसाळा आला की शनिवार-रविवार शे-दोनशे पोरं माझ्या भातातून वर चढतात. पूर्वी गावातले चार गुराखी जायचे, त्यांना कुणी कधी अडवलं नाही. आता तार तोडतात, झापा उघडा टाकतात, जनावरं दुसऱ्याच्या पिकात जातात आणि भांडण माझ्या दारात येतं. गेल्या वर्षी वासरानं प्लास्टिक खाल्लं. त्याचं पोट फुगलं, डॉक्टर येईपर्यंत गेलं.

त्यातला प्रत्येक जण हेच म्हणतो, ‘काका, आम्ही फक्त इथून जातोय.’ तुमचे ते चौघं शिडी घेऊन आले, सभ्य असतील. पुढच्या चाळीस जणांची खात्री तुम्ही देणार का? त्या वायोमिंगच्या मालकाची लाखो डॉलरची कथा मला लांबची आहे, पण आपल्या हद्दीपाशी रोज परका माणूस उभा दिसला की कसं वाटतं ते मला ठाऊक आहे.

रेघोटी

बांधकरींशी सहमत, आणि कायद्याच्या अंगानंही एक बाजू आहे. त्याच कार्बन काउंटीत सेमिनो जलाशयाकडं जाण्यासाठी सरकारनं अशाच पटाच्या कोपऱ्यावरून रस्ता काढला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1979 मध्ये कोर्टानं सांगितलं की 1862 ची जमीन देताना सरकारनं वाटेचा हक्क राखून ठेवलेला नव्हता, आता तो गृहीत धरता येणार नाही. वाट हवी असेल तर मोबदला देऊन घ्या. व्यवहार करताना जे लिहिलं नाही ते दीडशे वर्षांनी फुकट मागणं मला न्याय्य वाटत नाही. रँच घेणाऱ्यानं त्या एकांताचे पैसे मोजलेले असतात.

डोंगरवाट

@रेघोटी, तो निकाल मला माहीत आहे आणि तो कमी लेखत नाही. पण तो रस्त्याचा होता. डांबर, मुरूम, गाड्या. इथं प्रश्न आहे पायी माणसाचा, आणि तो माणूस जमिनीला लागतच नाही.

1885 साली अमेरिकेनं एक कायदा केला. गुरांचे मोठे धनी सरकारी कुरणांना कुंपणं घालत होते, ते रोखण्यासाठी. त्यावर एकानं युक्ती काढली. कुंपण पूर्णपणे स्वतःच्याच चौकोनांत घातलं, पण अशा हिशेबानं की मधले सरकारी चौकोन आपोआप कोंडले जावेत. 1897 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कुंपण काढायला लावलं. स्वतःच्या जमिनीवर असूनही. अपील कोर्टानं आता त्याच कायद्याचा आधार घेतला. वायोमिंगच्या कायद्यानं खाजगी जमिनीच्या वरच्या हवेतला प्रवेशसुद्धा अतिक्रमण ठरू शकतो, हे कोर्टानं नाकारलं नाही. पण त्या हक्काचा वापर करून सरकारी जमीन कोंडता येणार नाही, असं ते म्हणालं. एकांताचे पैसे मोजले म्हणता. पण जो एकांत विकणाऱ्याच्या मालकीचाच नव्हता, त्याचे पैसे त्यानं घेतलेच का?

@बांधकरी काका, वासराचं वाचून वाईट वाटलं. त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

लांबतारा

मी टेक्सासमध्ये. इथं जवळपास सगळी जमीन खाजगीच, त्यामुळं आम्ही पैसे भरून रान भाड्यानं घेतो. मालकाला उत्पन्न, आम्हाला ठरलेली हद्द, आणि कोण कुठं गोळी झाडतोय हे सगळ्यांना माहीत. मला हीच पद्धत सुरक्षित वाटते. सरकारी रानात अनोळखी माणसं चारी दिशांनी असतात.

वर्क व्हिसावर असलेल्यांसाठी एक सूचना. अशा व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्यानं बंदी आहे, ज्यांच्याकडं शिकारीचा वैध परवाना आहे त्यांना सूट आहे. मित्राची बंदूक ‘नुसती हातात धरली’ तरी गुन्हा होऊ शकतो. आधी परवाना, मग बाकी सगळं.

गिधाडघर

मी पक्ष्यांची नोंद ठेवणारी आहे, शिकारीच्या बाजूची नाही. पण आज जीव घेण्यावर वाद घालणार नाही, तुम्ही निगेबद्दल एवढं लिहिलंत त्याबद्दल बोलते.

बंदूक, बूट, सुरी सगळं आलं. गोळी कशाची ते नाही आलं. शिशाची गोळी हाडावर आदळली की तिचे बारीक कण मांसात आणि आतड्यांत पसरतात. तुम्ही रानात जो कोथळा टाकून येता तो गरुड आणि कॉन्डॉर (तिकडची थोराड गिधाडं) खातात आणि शिशाच्या विषानं मरतात. कॅलिफोर्नियात याच कारणानं 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी आहे. मी हे तावातावानं लिहितेय, कारण आपल्याकडं हेच डोळ्यांदेखत झालंय. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधानं, ती गुरं मेल्यावर खाऊन, आपली गिधाडं संपली. औषध देणाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर गावोगावच्या ढोरफोडीवर उतरणारे थवे गेले होते. ते भरून आलेले नाहीत.

तुमची गोळी कशाची आहे?

डोंगरवाट

शिशाची. पहिल्या वर्षापासून शिशाचीच. तांब्याची महाग पडते आणि माझ्या बंदुकीतून तिचा नेम वेगळा लागतो, एवढंच कारण. हे कारण पुरेसं नाही, हे तुमचा प्रतिसाद वाचताना कळलं.

आणखी एक सांगायला हवं. निगेबद्दल मी इतक्या हट्टानं लिहितो, त्याच्या मागं एक जनावर आहे. चौथ्या मोसमात बर्फावर घसरलो आणि बंदूक दुर्बिणीच्या बाजूनं दगडावर आपटली. वरून काही दिसत नव्हतं. नेम तपासायला दीड तास खाली जावं लागलं असतं, मी गेलो नाही. संध्याकाळी मादी दिसली, गोळी झाडली, ती लागली पण अंगाच्या मागच्या भागात लागली. दीड दिवस रक्ताच्या मागानं फिरलो. झाडांच्या दाटीत माग संपला. ती कुठं आणि किती वेळानं मेली मला माहीत नाही. तो मोसम तिथंच सोडला.

फाशांचा नातू

तुम्ही सगळे ‘सरकारी जमीन’ म्हणताय. ती सरकारची कधी झाली हे कुणी विचारत नाही.

माझा आजा फासेपारधी. तितर-लाव्यांचे फासे तो स्वतः वळायचा. पावसाळ्यात ते चुलीवर टांगून ठेवायचा, दोरा कुजू नये म्हणून. अंडी घालायच्या दिवसांत फासे उतरवायचेच नाहीत, हा घरचा नियम. निगा आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. पण 1871 च्या कायद्यानं आमच्यासारख्या जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारला. 1952 मध्ये कायदा गेला, शिक्का गेला नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली. 2006 च्या वनहक्क कायद्यानं रानाचे कितीतरी हक्क मान्य केले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क त्यात स्पष्ट शब्दांत वगळला. शिकार पुन्हा सुरू करा असं मी म्हणत नाही, रानात आता तेवढं उरलंच नाही. पण पोट काढून घेतलं तर बदल्यात काय दिलं?

आणि तुमच्या अमेरिकेतही हेच आहे. क्रो या तिथल्या मूळनिवासी जमातीच्या एका माणसानं 2014 मध्ये बिगहॉर्नच्या जंगलात एल्क मारला म्हणून वायोमिंगनं त्याला गुन्हेगार ठरवलं. त्याच्या पूर्वजांशी 1868 मध्ये करार झाला होता, की अमेरिकेच्या मोकळ्या जमिनीवर त्यांचा शिकारीचा हक्क राहील. राज्याचं म्हणणं, आम्ही राज्य झालो तेव्हाच करार संपला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्याचं म्हणणं फेटाळलं, तेही पाच विरुद्ध चार मतांनी. एका मतानं! तुमच्या चौघांची शिडी गाजली, हा माणूस तुमच्या धाग्यात आलाच नाही.

डोंगरवाट

दादा, तो यायला हवा होता. चुकलं माझं. ‘ती सगळ्यांची आहे’ असं मी वर सहज लिहून गेलो.

बांधकरी

पारध्याच्या नातवाचं वाचून थांबलो जरा.

मी कागदांत पुन्हा बघितलं. आमच्या चुलत्यांच्या रानाला वाट नव्हती तेव्हा आम्हीच तहसीलदाराकडं अर्ज केला होता, जमीन महसूल संहितेच्या 143 कलमाखाली. दुसऱ्याच्या बांधावरून वाट मिळाली आम्हाला. म्हणजे मागायची वेळ आली तेव्हा मीही मागितलीच. पण फरक सांगतो. तहसीलदारानं जागेवर येऊन पाहिलं, बांधवाल्याचं ऐकून घेतलं, कमीत कमी नुकसान होईल अशी रेघ आखून दिली. गडावर येणाऱ्यांची अशी रेघ कुणी आखत नाही, आणि त्या शिकाऱ्यांनीही कुणाला विचारलं नाही. वाट द्यावी, पण विचारून. यावर मी ठाम आहे.

आणि एक सांगा. तुमचे मोबाइल पाच-पाच मीटर चुकतात. कोपरा तर बिंदूएवढा. हद्दीचा दगडच सापडला नाही, तर तुम्ही काय करता?

डोंगरवाट

परत फिरतो. तिथं जुन्या मोजणीची पितळी टोपीची खूण जमिनीत पुरलेली असते. मोबाइल फक्त तिच्या आसपास नेऊन सोडतो, पुढं गवत चाचपत शोधावी लागते. ती डोळ्यांनी दिसल्याशिवाय पाऊल टाकत नाही. गेल्या मोसमात दोन कोपरे असे सोडले. दुसऱ्या ठिकाणी तर पलीकडच्या उतारावर कळप चरताना दिसत होता. बर्फ सहा इंच होता, खूण खाली कुठंतरी होती. तासभर बर्फ उकरला, अंधार पडायला लागला, मग बंदूक रिकामी करून गाडीकडं निघालो.

@गिधाडघर, तांब्याच्या गोळ्या कालच मागवल्या. नेम पहिल्यापासून बसवावा लागणार, सप्टेंबरचे शनिवार त्यातच जातील.